हरवलेला सोबती आणि त्याचा शोध

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमा आणि पणी ह्यांचा संवाद आहे. पणींनी लपवून ठेवलेल्या गाईंचा माग काढण्यासाठी इंद्राने सरमेला पाठविले आणि ती रसा नदी ओलांडून पणींच्या ठिकाणापर्यंत जाऊन पोहोचली, अशी ती कथा आहे. पुढील परंपरेने सरमेला देवांची कुत्री मानले. हरवलेल्या जनावरांचा शोध घेण्याचे काम एका कुत्रीकडे सोपविणारी ही कथा वाचताना सहज ध्यानात येते की, जनावर नाहीसे होणे आणि त्याच्या मागे माणसाने वणवण करणे ही गोष्ट पशुपालनाइतकीच जुनी आहे. त्या काळी जनावर हे धन होते, म्हणून त्याचा शोध होई. आज शहरातील घरात वाढणारा कुत्रा किंवा मांजर हे त्या अर्थाने धन नव्हे. त्याला घरातले माणूसच समजतात. असे असूनही ते नाहीसे झाले म्हणजे काय करावे, हे बहुतेक घरांतून कोणालाच ठाऊक नसते.

खेड्यात ह्या शोधाची एक रीत होती. गाईच्या गळ्यातील घंटा नुसती शोभेची नसे. जनावर दाट झाडीत शिरून दिसेनासे झाले तरी तिच्या आवाजावरून गुराखी त्याची दिशा ओळखीत असे. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणे अडकवीत, म्हणजे त्याला फार दूर धावता येऊ नये. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले गुरू कोंडवाड्यात जाई, आणि म्हणूनच आपले गुरू सापडेनासे झाले की धनी प्रथम कोंडवाड्याची वाट धरी. गुरांच्या अतिक्रमणासंबंधीच्या १८७१ च्या कायद्याने ह्या कोंडवाड्यांना सरकारी चौकट दिली. अलीकडे गाईम्हशींच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला दिसतो. त्याचा मुख्य हेतू लसीकरणाची आणि पैदाशीची नोंद ठेवणे हा असला, तरी जनावर कोणाचे हे ठरविण्यासही तो उपयोगी पडतो. शिवाय खेड्यात कोणता कुत्रा कोणाच्या दारचा हे साऱ्या गावाला माहीत असते. शहरात दोन गल्ल्या ओलांडल्या की तोच कुत्रा अनोळखी होतो. तेथे त्याच्याविषयी बोलू शकणारी एकच वस्तू उरते, ती म्हणजे त्याच्या गळ्यातील पट्टा. आणि तोही पुष्कळदा घरी खुंटीला लावलेला असतो.

प्राणी का नाहीसा होतो

कुत्रा पळून गेला असे आपण म्हणतो, तेव्हा त्याने घर सोडण्याचा काही निश्चय केला होता असा त्या शब्दांतून भास होतो. वस्तुतः पाळीव प्राण्याचे नाहीसे होणे हे बहुधा एका क्षणाचे काम असते. गॅसची टाकी घेऊन माणूस दाराशी येतो, दार उघडे राहते, घरातील मंडळी पावतीवर सही करण्यात गुंतलेली असतात, आणि मांजर जिन्यात उतरते. ह्यावरचा उपाय अगदी साधा आहे. दाराच्या आत किंवा बाहेर दुसरे एक जाळीचे दार असावे आणि पहिले बंद झाल्यावाचून दुसरे उघडू नये, अशी घरात शिस्त असावी. कोंबड्यांची आणि पक्ष्यांची घरे बांधणारे लोक ही युक्ती फार पूर्वीपासून वापरतात. ज्या घरी लहान मुले आणि सतत ये-जा करणारी माणसे आहेत, तेथे तर ह्या दुसऱ्या दाराला पर्याय नाही.

वरच्या मजल्यावरील खिडक्या आणि सज्जे हा मांजरांच्या बाबतीत वेगळाच धोका आहे. मांजर उंचावरून कधी पडत नाही, ही समजूत खोटी आहे. न्यूयॉर्क शहरातील उंच इमारतींवरून पडून उपचारासाठी आणलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ९० टक्के मांजरे उपचारांनंतर वाचली, ही त्या पाहणीतील गोष्ट लोकांच्या विशेष लक्षात राहिली. परंतु छाती, जबडा आणि पाय ह्यांच्या दुखापती त्यांच्यात मोठ्या प्रमाणात होत्या, ही गोष्ट मात्र मागे पडली. पडलेले मांजर ओरडत नाही. ते जवळच्या आडोशाला सरपटत जाते आणि तेथे निपचित बसून राहते. घरातून मांजर नाहीसे झाले आणि खिडकी उघडी होती, तर गावभर हिंडण्यापूर्वी त्या खिडकीच्या बरोबर खालची जागा, तेथील झुडपे, गटाराची तोंडे आणि उभी वाहने पाहावीत. पुष्कळ घरांतून हीच जागा सर्वांत शेवटी पाहिली जाते.

वयात आलेल्या, निर्बीजीकरण न केलेल्या नराला बाहेर ओढून नेणारी प्रेरणा फार प्रबळ असते. कुत्री साधारणतः सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि तो काळ सुमारे तीन आठवडे टिकतो. त्या काळात तिचा गंध दूरवरच्या नरांना ओढून आणतो आणि तीही दार उघडे सापडताच बाहेर पडू पाहते. बोक्यांचेही तसेच. निर्बीजीकरणाने भटकण्याची ही ओढ पुष्कळ कमी होते. ‘एकदा तरी पिले होऊ द्यावीत’ ह्या समजुतीपायी पुष्कळ घरे ते लांबणीवर टाकतात; ह्या समजुतीला शास्त्राचा आधार नाही, आणि तिची किंमत बहुधा त्या प्राण्यालाच मोजावी लागते.

आता फटाक्यांविषयी. माणसाला ऐकू येणाऱ्या ध्वनीची वरची मर्यादा सेकंदाला सुमारे २० हजार कंपने इतकी असते; कुत्र्याची ती सुमारे ४५ हजार आणि मांजराची त्याहूनही अधिक असते. शिवाय माणसाला ऐकूच न येणारे अनेक मंद आवाज ह्या दोन्ही प्राण्यांना स्पष्ट ऐकू येतात. अशा कानांवर सुतळी बाँबचा आवाज आदळतो तेव्हा प्राणी विचार करीत नाही, तो धावतो. आणि एरवी ज्या कुंपणाकडे त्याने कधी ढुंकूनही पाहिले नाही ते ओलांडून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत फटाके उडविण्यास रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली होती. परंतु प्राणी पाळणाऱ्याने वेळापत्रकावर विसंबून राहू नये. आपल्या देशात ह्या आवाजाची वेळ प्रांताप्रांतांतून बदलते. महाराष्ट्रात आणि उत्तरेत लक्ष्मीपूजनाची रात्र अवघड जाते, बंगालमध्ये तीच रात्र कालीपूजेची असते, तर तमिळनाडूत नरकचतुर्दशीला पहाटेच फटाके सुरू होतात. केरळात विषूच्या सणाला ते उडतात. वराती, मिरवणुकांतील ढोल आणि क्रिकेटच्या सामन्यातील विजय ह्यांना तर पंचांगच नाही. दार्जिलिंग व सिक्कीममधील नेपाळी भाषक दिवाळीच्या दिवसांत कुत्र्याला टिळा लावून त्याच्या गळ्यात हार घालतात. इतरत्र त्याच दिवसांत त्याची काय अवस्था होते, हे पाहिले म्हणजे त्या प्रथेचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

अशा दिवशी कुत्र्याला दिवस मावळण्यापूर्वीच फिरवून आणावे, आणि तेही पट्टा व साखळी न काढता. संध्याकाळी त्याला आतल्या खोलीत ठेवून खिडक्या लावाव्यात आणि पंखा वा रेडिओ चालू ठेवावा. तो पलंगाखाली जाऊन बसला तर त्याला तेथून ओढून बाहेर काढू नये. ज्याची भीती अतिशय तीव्र आहे अशा प्राण्यासाठी पशुवैद्याकडे औषधे असतात, परंतु त्यांच्याकडे सणाच्या आधी जावे, ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्हे.

घर बदलताना आणि प्रवासातही प्राणी हातचे सुटतात. मांजर माणसापेक्षा घराला धरून राहते, असे जुने लोक म्हणत; ते पूर्णतः खरे नसले तरी त्यात एक निरीक्षण आहे. नव्या घरात पहिले दोन-तीन आठवडे मांजराला बाहेर सोडू नये. सामान चढविण्या-उतरविण्याच्या दिवशी तर त्याला एका खोलीत कोंडून दारावर मोठ्या अक्षरांत तशी सूचना लावावी. रेल्वेने कुत्रा नेताना तो पहिल्या वर्गाच्या संपूर्ण राखीव डब्यात मालकाबरोबर, अन्यथा गार्डाच्या डब्यातील पेटीत न्यावा लागतो. पेटीतून काढताना आणि फलाटावरून चालताना तो सुटण्याचा संभव असतो. गाडीच्या शिटीने दचकलेला कुत्रा डोके मागे ओढून सैल पट्ट्यातून सहज निसटतो. पट्टा आणि मान ह्यांमध्ये दोन बोटे जेमतेम शिरतील इतकाच तो सैल असावा, आणि प्रवासात छातीवरून बांधावयाचा पट्टाही जोडीला असावा.

ओळख

गळ्यातील पट्ट्याला धातूची चकती आणि तीवर दूरध्वनीचा क्रमांक ही आजही सर्वांत उत्तम ओळख होय, कारण ती वाचण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. चकतीवर प्राण्याचे नाव नसले तरी चालेल. ते नसणेच बरे, कारण नाव कळले की कोणीही त्याला हाक मारून आपलेसे करू शकतो. क्रमांक दोन असावेत. मांजराचा पट्टा ताण बसताच आपोआप सुटणारा घ्यावा, नाहीतर फांदीत अडकून त्याला गळफास बसतो.

पालिकेचा परवाना पुष्कळांना निरर्थक उपचार वाटतो. परंतु दिल्ली महानगरपालिकेच्या १९५७ च्या कायद्यातील तरतूद पाहण्यासारखी आहे. तीनुसार कुत्र्याची नोंदणी करून घेता येते, नोंदलेल्या कुत्र्याच्या पट्ट्याला धातूचा बिल्ला लावणे आवश्यक करता येते, आणि सार्वजनिक जागी बिल्ल्यावाचून आढळलेला कुत्रा ताब्यात घेता येतो. अन्य अनेक शहरांतही परवान्याची पद्धत आहे. तेव्हा बिल्ला हा कुत्र्याला मोकाट कुत्र्यांपासून वेगळे ठरविणारा पुरावा होय. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी मोकाट कुत्रे मोजले गेले. त्यांच्या गर्दीत एखादा गावठी वाणाचा पाळीव कुत्रा पट्ट्यावाचून मिसळला, तर पालिकेच्या गाडीवरील माणसाने तो कसा ओळखावा? परदेशी जातीचा कुत्रा रस्त्यावर एकटा दिसला की लोक थबकतात. देशी कुत्र्याकडे कोणी पाहतही नाही. म्हणून देशी कुत्रा पाळणाऱ्याने पट्ट्याच्या बाबतीत दुप्पट दक्ष असावे.

पट्टा तुटतो, चोर तो काढून टाकतो. त्वचेखाली बसविलेली सूक्ष्म चिप मात्र सहज निघत नाही. तांदळाच्या दाण्याएवढी, सुमारे १२ मिलिमीटर लांबीची ही काचेची नळी पशुवैद्य जाड सुईने दोन खांद्यांमधील त्वचेखाली बसवितात. तिच्यात विजेचा साठा नसतो. वाचक यंत्र अगदी जवळ आणले असता त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि आपला १५ आकडी क्रमांक सांगते. तेव्हा चिप म्हणजे कुत्रा कोठे आहे हे दुरून सांगणारे यंत्र, अशी जी समजूत पुष्कळांच्या मनात असते, ती चुकीची आहे. त्या कामासाठी उपग्रहांच्या साहाय्याने चालणारे वेगळे पट्टे मिळतात, आणि ते वरचेवर विजेवर भरून घ्यावे लागतात. चिपचा उपयोग प्राणी कोणाच्या तरी हाती लागल्यानंतरचा आहे. अमेरिकेतील ५३ प्राणिनिवासांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तो स्पष्ट दिसला. तेथे भटकताना सापडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे २२ टक्के मालकांकडे परत गेले, परंतु चिप बसविलेल्यांपैकी ५२ टक्क्यांहून अधिक परत गेले. मांजरांमधील फरक तर फारच मोठा होता: २ टक्क्यांहून कमी, आणि चिप असलेल्यांपैकी ३८ टक्क्यांहून अधिक. ज्या चिपधारी प्राण्यांचे मालक सापडू शकले नाहीत, त्यांच्या बाबतीत सर्वांत मोठे कारण असे आढळले की नोंदीतील दूरध्वनी क्रमांक चुकीचा वा बंद होता. चिप बसविताना जो उत्साह असतो, तो क्रमांक बदलल्यावर नोंद दुरुस्त करताना राहत नाही, हे ह्या आकड्यांवरून उघड होते.

जोडीला घरात एक लहानसे टाचण असावे: प्राण्याची समोरून व दोन्ही बाजूंनी घेतलेली छायाचित्रे, अंगावरील खुणा, लसीकरणाची नोंद, चिपचा क्रमांक आणि तो ज्या नोंदवहीत आहे तिचे नाव. प्राणी हरवल्यावर त्याच्या कोणत्या पंजावर पांढरा ठिपका होता ह्याविषयी घरातील चौघेजण चार उत्तरे देतात.

शोध

कुत्री-मांजरे हरवलेल्या अमेरिकी कुटुंबांची एक पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. एक हजाराहून थोड्या अधिक घरांना विचारले असता, हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के आणि मांजरांपैकी सुमारे ७५ टक्के परत मिळाल्याचे आढळले. परत मिळालेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मे आसपासच्या भागात शोध घेतल्यामुळे सापडले, १५ टक्के गळ्यातील ओळखीमुळे, आणि प्राणिनिवासात सापडलेले अवघे ६ टक्के होते. मांजरांपैकी ५९ टक्के आपण होऊन घरी आली. हे आकडे दुसऱ्या देशातील आहेत, आणि तेथील रस्त्यांवर आपल्यासारखे मोकाट कुत्रे नाहीत, ही गोष्ट विसरून चालणार नाही. तरीही पायी फिरून शेजार धुंडाळणे हाच मुख्य उपाय आहे, हा त्यांचा बोध आपल्याकडेही लागू पडतो.

मात्र कुत्रा आणि मांजर ह्यांचा शोध एकाच रीतीने घेता येत नाही. नेमकी हीच गोष्ट न कळल्यामुळे पहिले दोन दिवस वाया जातात.

घरात वाढलेले मांजर बाहेर सापडले की ते लांब जात नाही, ते लपते. १२१० हरवलेल्या मांजरांविषयीच्या २०१८ सालच्या अभ्यासात, सापडलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मांजरे सुटल्या जागेपासून ५०० मीटरांच्या आत मिळाली. जी केवळ घरातच राहत असत त्यांपैकी तेवढ्याच प्रमाणातील मांजरे तर १३७ मीटरांच्या आत होती. जिवंत सापडलेल्यांचा मोठा वाटा पहिल्या आठवड्यातीलच होता. ह्याचा अर्थ असा की, मांजराचा शोध हा दूरवर हिंडण्याचा नसून थोड्या जागेत वाकून, निजून, हात घालून पाहण्याचा आहे. जिन्याखालची अडगळ, मीटरची खोली, गच्चीवरील टाक्यांमागची फट, वाहनांच्या यंत्राची पोकळी, बंद दुकानाची फळी, शेजारी गावी गेले असल्यास त्यांचे घर: ह्या प्रत्येक जागी स्वतः पाहावे. ‘आमच्याकडे नाही’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये, कारण उत्तर देणाऱ्याने टाकीमागे पाहिलेले नसते. नम्रपणे परवानगी मागितली तर बहुतेक शेजारी ती देतात. घाबरलेले मांजर मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही. ते दोन हातांवर असूनही गप्प बसते. म्हणून रात्री उशिरा किंवा पहाटे, रहदारी थांबल्यावर, डोळ्यांच्या उंचीवर विजेरी धरून फिरावे. मांजराच्या डोळ्यांतील पडद्यामागे प्रकाश परतविणारा थर असतो, त्यामुळे काळोखात प्रथम त्याचे डोळे चमकतात. जागा कळली पण मांजर हाती येत नसेल, तर खाद्य ठेवलेला सापळ्याचा पिंजरा लावावा आणि त्यावर सतत नजर ठेवावी. उन्हात पिंजरा तसाच सोडून जाणे म्हणजे मांजराचे प्राण धोक्यात घालणे होय.

कुत्र्याचे तसे नाही. तो चालत राहतो, आणि भारतीय शहरात त्याला चालतेच ठेवले जाते. प्रत्येक गल्लीतील मोकाट कुत्र्यांची आपापली हद्द असते. नवागत दिसला की ते त्याला पुढच्या हद्दीपर्यंत पिटाळतात आणि तेथील कुत्रे त्याच्यापुढच्या. अशा रीतीने एरवी घराच्या कोपऱ्यापलीकडे न गेलेला कुत्रा रात्रीतून बराच दूर जाऊन पोहोचतो. म्हणून कुत्रा सुटल्याचे कळताच पहिल्या तासात अधिक माणसे जमवून निरनिराळ्या दिशांना जावे, आणि एकजण घरी थांबून दार उघडे ठेवील असे पाहावे. रात्री जिकडून कुत्र्यांचे भुंकणे एकामागून एक पुढे सरकत जाते, ती दिशा लक्ष देण्याजोगी असते.

ह्या शोधातील खरे साक्षीदार म्हणजे पहाटे रस्त्यावर असणारी माणसे. दूधवाले, वर्तमानपत्रे टाकणारी मुले, सफाई कामगार, रात्रपाळीचे पहारेकरी, चहाच्या टपरीवाले, रिक्षाचालक, आणि गल्लीतील कुत्र्यांना नियमाने अन्न घालणाऱ्या व्यक्ती. ह्या शेवटच्या मंडळींशी शेजाऱ्यांचे अनेकदा पटत नाही. परंतु आपल्या भागात नवा कुत्रा कोणता आला हे त्यांच्याइतके अचूक कोणीही सांगू शकत नाही. ज्याने काल त्यांच्याशी भांडण केले, त्याला आज त्यांच्याच दारी जावे लागल्याचे प्रसंग घडतात.

कुत्रा दृष्टीस पडला तरी त्याच्यामागे धावू नये. दोन-तीन दिवस भेदरून हिंडलेला कुत्रा धन्यालाही ओळखीनासा होतो. धावत येणारा प्रत्येक जण त्याला शत्रूच वाटतो, आणि पाठलागात तो वाहनाखाली येण्याची भीती असते. अशा वेळी थोड्या अंतरावर, त्याच्याकडे पाठ वा कूस करून खाली बसावे, डोळ्यांत पाहू नये, आणि त्याच्या ओळखीचे खाद्य समोर टाकीत राहावे. गंध पोहोचला की बहुतेक कुत्रे आपण होऊन जवळ येतात. हे सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे, कारण बसून राहण्यास जो धीर लागतो तो त्या क्षणी कोणाजवळ नसतो.

जाहिरात लावताना मजकूर थोडा असावा आणि अक्षरे अशी मोठी असावीत की चालत्या बसमधूनही वाचता यावीत: ‘कुत्रा हरवला आहे’, छायाचित्र, जागा, तारीख, दूरध्वनी. ती त्या भागातील लोक वाचतात त्या भाषेत असावी. भ्रमणध्वनीवरील गटांतून पाठविलेला संदेश झपाट्याने पसरतो हे खरे, परंतु तो वाचणारे लोक रात्री घरात असतात. टपरीजवळच्या भिंतीवरील कागद वाचणारे रस्त्यावर असतात. दोन्ही करावे. एक खूण मात्र जाहिरातीत मुद्दाम वगळावी. प्राणी आपल्याकडे असल्याचे सांगून आधी पैसे मागणारे लोक असतात. ती खूण विचारली की त्यांचे पितळ उघडे पडते. पालिकेचे श्वान नियंत्रण केंद्र, प्राणिदया संस्थांचे निवास आणि जवळचे पशुवैद्य ह्यांच्याकडे नुसता दूरध्वनी करून भागत नाही. तेथे दर दोन दिवसांनी स्वतः जाऊन पाहावे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे निर्बीजीकरण झालेल्या मोकाट कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. तेव्हा पकडला गेलेला पाळीव कुत्रा परत मिळाला तरी कानाला खाच घेऊन येण्याचा संभव आहे. चोरीचा संशय असल्यास पोलिसांत तक्रार नोंदवावी. पाळीव प्राणी कायद्याच्या दृष्टीने जंगम मालमत्ता ठरतो आणि त्याची चोरी ही इतर कोणत्याही चोरीसारखीच चोरी असते.

पक्ष्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. आपल्याकडील पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, त्यामुळे तो उडून गेला तर त्याच्या शोधाचा प्रश्नच उरत नाही. परदेशी जातीचा पाळीव पक्षी उडाल्यास तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्यावरील नजर काढू नये, त्याचा पिंजरा गच्चीवर उघडा ठेवावा आणि त्याचा जोडीदार असल्यास त्याला जवळच दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवावे. कबुतरांची गोष्ट निराळी. ओरिसाच्या पोलिसांनी १९४६ साली कबुतरांची जी संदेशसेवा सुरू केली, ती ह्या पक्ष्याच्या घरी परतण्याच्या शक्तीवरच उभी होती.

सापडलेला प्राणी

दुसऱ्याचा प्राणी ज्याला सापडतो, त्याच्यावर काही जबाबदारी येते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो त्याने ठेव सांभाळणाऱ्याप्रमाणे तिची काळजी घेतली पाहिजे. मालकाने विशिष्ट बक्षीस जाहीर केले असेल तर ते मागण्याचा त्याला हक्क आहे. परंतु मालक कोण हे कळत असताना किंवा कळण्यासारखे असताना प्राणी स्वतःकडेच ठेवणे हा अपहार ठरतो. हे झाले कायद्याचे. प्रत्यक्षात त्याने प्रथम पाहावयाचे ते हे की, प्राणी खरोखर हरवलेला आहे काय. जो कुत्रा दिशाहीन भटकतो, ज्याच्या तोंडातून लाळ गळते, ज्याला गिळता येत नाही आणि जो विनाकारण चावू पाहतो, त्याला अलर्क रोग, म्हणजे रेबीज, झालेला असू शकतो. त्याला हात लावू नये, पालिकेस कळवावे. कोणताही अनोळखी प्राणी चावल्यास वा ओरखडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. ह्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही.

रस्त्यावर सापडलेल्या पाळीव प्राण्यांपैकी काही हरवलेले नसतात, सोडून दिलेले असतात. बदली झाली, घरमालकाची हरकत आली, पिलू मोठे झाले, आजाराचा खर्च वाढला, अशी कारणे त्यामागे असतात. उपासमार किंवा तहान ह्यांमुळे प्राण्याला यातना होतील अशा स्थितीत त्याला टाकून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मात्र केवळ कृश देह आणि गुंतलेले केस पाहून कोणी सोडून दिले असेल असा निष्कर्ष घाईने काढू नये. पंधरा दिवस हरवलेल्या लाडक्या कुत्र्याची अवस्थाही तशीच दिसते. म्हणून आधी पशुवैद्याकडे नेऊन चिप तपासून घ्यावी आणि परिसरात चौकशी करावी.

प्राणी घरी परत आला म्हणजे त्याच्यापुढे एकदम भरपूर अन्न ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा, बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला, विशेषतः मांजराला, थोडे थोडे आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. अंगावरील प्रत्येक जखम दाखवावी, कारण ती दुसऱ्या कुत्र्याच्या दातांची असू शकते. अशा वेळी पूर्वी लस दिलेली असली तरी पुन्हा देतात. घरात दुसरे मांजर असेल तर ते परतलेल्याच्या अंगाला येणाऱ्या परक्या वासामुळे त्याच्यावर फिस्कारते, तेव्हा दोघांना काही दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवावे. ज्या दारातून तो गेला ते दार त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावे. आणि भिंतींवरचे कागद काढून टाकावेत, म्हणजे पुढच्या वेळी तेथे दुसऱ्या कोणाचा कागद लागला तर लोक तो वाचतील.